लक्कम्मेचे माप



बाराव्या शतकातील कल्याण नगरीत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत होते. मूळचे ते आजच्या रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वराकडचे. कन्नडमध्ये 'आयदु' म्हणजे वेचून आणि 'अक्की' म्हणजे तांदूळ. वाटेवर, अंगणात सांडलेले दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्यातून जंगम दासोह व्हायचा आणि मग उरलेला प्रसाद नवराबायको घ्यायचे. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मेच्या ते लगेच ध्यानात आले. जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून या, असे सांगून तिने पतीला आल्या पावली माघारी धाडले. मारय्याही काही न बोलता गेले.

ही कथा आपण पुराणात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जातो. पण जरा विचार करा. ते तांदूळ चोरीचे नव्हते. कोणाच्या तोंडचा घास काढून आणलेले नव्हते. मग लक्कम्मेला खटकले काय? खटकले ते माप. काल जेवढ्यात दासोह झाला आणि दोघांची पोटे भरली, तेवढ्यात आज का भागू नये? उद्याची चिंता म्हणाल, तर उद्याचे कायक उद्या आहेच. आपल्याला किती पुरते हे तिने स्वतः ठरविले होते, म्हणून वाढलेली मूठ तिला दिसली. ज्याने माप ठरविलेच नाही, त्याला पोतेभर वाढले तरी दिसत नाही.

आता आपले माप कोणी ठरविले ते पाहू. बहुतेकांचे ते वडिलांकडून आले आहे. आपल्या सीमाभागातील आज सत्तरीत असलेल्या पिढीने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला. खडी फोडली, परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकरी खाल्ली. त्या पिढीने मनाशी गाठ बांधली की हे दिवस मुलांना दिसू नयेत. पोराला नोकरी लागावी, पक्के घर व्हावे, लेकीच्या अंगावर सोने असावे. या इच्छेला कोण नावे ठेवील? ती मायेतून आली, भुकेच्या भीतीतून आली. पण भूक गेली तरी भीती राहिली, आणि घराण्याची रीत म्हणून ती पुढच्यांच्या हाती गेली. दोन खोल्यांचे चार खोल्या झाले, चाराचा बंगला झाला. हैदराबादेत किंवा पुण्यात नोकरी करणारा मुलगा वर्षातून एकदा जत्रेला गावी येतो, तेव्हा प्रकृतीची चौकशी नंतर होते. गाडी कोणती घेतली, हा प्रश्न आधी येतो. त्यालाही ते उत्तर तयार ठेवावे लागते. हप्ते फिटेपर्यंत त्याला पूजेला स्वस्थपणे बसणे होत नाही, हे तो कोणाला सांगणार?

सर्वांत जड माप लग्नाचे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तेव्हापासून हुंडा हा शब्द तेवढा बैठकीतून गेला. मानपान, आहेर, 'तुमच्या मुलीला तुम्ही काय द्याल ते' ही भाषा आली. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना शेताचा तुकडा जातो, आणि चार तासांसाठी मंगल कार्यालय झगमगते. सोहळा उरकल्यावर तिथे जमिनीवर पाहा. अक्षतांचे तांदूळ पायदळी पडलेले असतात. मारय्या तिथे आले असते, तर दोन दिवसांचा दासोह झाला असता!

हे सारे बाराव्या शतकाबरोबर संपले, असे कोणी म्हणेल. त्यासाठी फ. गु. हळकट्टींचे चरित्र आठवावे. ते विजापूरचे वकील. गावोगावच्या ताडपत्रांतून वचने गोळा करून त्यांनी १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. ते बेळगावात छापले गेले. पुढे स्वतःचा छापखाना असावा म्हणून १९२५ साली त्यांनी आपले घर विकले. वकिलाने माडी बांधावी, ही त्या काळचीही रीतच होती. पण त्यांना काय हवे ते त्यांचे त्यांना ठाऊक होते. आज आपण जी वचने वाचतो, त्यांतील कितीतरी त्या विकलेल्या घरातून आपल्यापर्यंत आली आहेत.

येथे एक सांभाळावे. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याला साधेपणाचा उपदेश करणे म्हणजे दुखऱ्या जागी काठी मारणे. लक्कम्मा स्वतः गरीब होती, पण पुरे हा शब्द तिला कोणी श्रीमंताने शिकविला नव्हता. तो तिचा तिनेच उच्चारला. आणि काटकसर म्हणजे चिकटपणाही नव्हे. तिच्या दारातून जंगम उपाशी गेला नाही. आपल्याकडे उलटे होते. पाहुण्यांसमोर थाट, आणि दासोहाची पावती फाडताना हात आखडतो. मठांच्या उत्सवांतही रोषणाई वाढत चालली आहे, हेही याच पानावर लिहिले पाहिजे.

दासोहाच्या पंगतीत आपण ताटात प्रसाद टाकीत नाही. वाढणारा पुढे आला की हात आडवा धरतो, पुरे म्हणतो. लहान मुलालाही ते कळते. तेवढेच घरच्या यादीपुढे करून पाहा. यंदा घरात लग्न असेल, वास्तू असेल, नवी गाडी घ्यायची असेल, तर खर्चाची यादी कागदावर उतरवा. नवराबायको दोघे मिळून बसा. मारय्यांनी आणले आणि लक्कम्मेने मोजले, एकट्याने ते झाले नसते. प्रत्येक ओळीपुढे लिहा, ही गरज कोणाची. आपली, वडिलांची, की गल्लीतल्या चार लोकांची? वडील हयात असतील तर त्यांनाही विचारा. पुष्कळदा तेच म्हणतात, मला एवढे नकोच होते. लग्न लेकीचे असेल तर तिलाही यादीजवळ बसवा. साडी कोणत्या रंगाची हे तिला विचारतातच. कर्ज किती काढले हे मात्र तिला हळद उतरल्यावर कळते. ते आधी सांगा.