‘आढळलें नाहीं’ म्हणजे काय?

नळाचें पाणी शुद्ध आहे असें आपणांस सांगण्यांत येतें, तेव्हां त्या सांगण्याचा खरा अर्थ एवढाच असतो कीं, कायद्यानें ज्या द्रव्यांची यादी दिली आहे तीं त्या पाण्यांत ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहींत. यादींत जें नाहीं त्याविषयीं सांगणारा कांहींच बोलत नाहीं. आणि आपण ऐकणारे मात्र त्या मौनालाहि ग्वाही समजतों. यादीबाहेरचें शोधण्याचें कर्तव्य कोणावर आहे काय, हा प्रश्न आम्हांस रसायनशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाहि वाटतो.

१८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी डॉ. जॉन स्नो यांनीं तपासलें, तेव्हां त्यांस त्यांत फारशी घाण दिसली नाहीं. पटकीच्या जंतूचा शोध कॉख यांनीं कलकत्त्याहून जाहीर केला तो १८८४ सालीं. स्नो यांनीं जंतूची वाट पाहिली नाहीं. घरोघरचे मृत्यु मोजले आणि पंपाचा दांडा काढावयास लावला.

अमेरिकेनें १९९६ सालीं आपल्या पेयजलाच्या कायद्यांत एक विलक्षण कलम घातलें. ज्यांवर अद्याप कोणतीच मर्यादा नाहीं अशा जास्तींत जास्त ३० द्रव्यांची यादी दर पांच वर्षांनीं करावी आणि देशभरच्या पाणीपुरवठ्यांत तीं शोधावीं. मोठ्या गांवांनीं खर्च स्वतः सोसावयाचा. लहान गांवांच्या तपासणीचा खर्च मध्यवर्ती सरकार देतें. जें आढळेल तें ग्राहकांस वार्षिक अहवालांत कळवावयाचें. निषेध कशाचाच नाहीं, केवळ पाहण्याची आज्ञा! आपलें अज्ञान असें उघड कबूल करणारा कायदा आमच्या तरी वाचनांत क्वचितच आला आहे.

यावर पाणीखात्याचा अधिकारी म्हणेल, “ज्या आंकड्याचा अर्थ आम्हांसहि नीट ठाऊक नाहीं, तो सांगून लोकांत भीति कां पसरवावी?” हा आक्षेप पोकळ नाहीं. श्रीमंत माणूस दुसऱ्याच दिवशीं घरीं गाळणयंत्र बसवील. त्याची मोलकरीण तेंच पाणी पीत राहील, तेंहि आतां जाणूनबुजून. शिवाय वरच्या वर्गानें सार्वजनिक नळाकडे पाठ फिरविली म्हणजे त्या नळासाठीं भांडणारा आवाजहि क्षीण होतो. याला आमच्याजवळ समाधानकारक उत्तर नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि आम्ही सांगण्याच्याच बाजूचे आहों. बाजारांतला जिन्नस नको असेल तर घेऊं नये. नळाचें पाणी पिणाऱ्यास बहुधा ती निवड नसते. निवड नाहीं म्हणून माहितीहि नको, हें कोणत्या न्यायानें?

परंतु शोधणें म्हणजे तरी काय? २०१३ ते २०१५ च्या फेरींत पीएफओए नांवाचें द्रव्य शोधण्यांत आलें. तव्याला अन्न चिकटूं नये म्हणून जो लेप देतात तो तयार करतांना तें वापरीत, आणि एकदां पाण्यांत गेलें म्हणजे तें सहसा विघटन पावत नाहीं. लिटरमागें २० नॅनोग्रॅमच्या खालीं असल्यास नोंद करावयाची नाहीं, असा त्या फेरीचा नियम होता; नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. समजा, एखाद्या गांवीं तें १५ होतें. तर त्या गांवाच्या कागदावर ‘आढळलें नाहीं’ असाच शेरा पडला. एप्रिल २०२४ मध्यें याच द्रव्याची मर्यादा ठरली, ती ४!

येथें खोटें कोणीच बोललें नाहीं. देशभरच्या प्रयोगशाळांना खात्रीनें मोजतां यावें म्हणून ती रेषा तेथें ओढली होती. पण घरच्या गृहिणीनें तो शेरा ‘नाहीं’ असाच वाचला असणार. आमचे विद्यार्थी ‘ग्रंथालयांत पुस्तक नाहीं’ असें सांगत येतात, तेव्हां कोणतें कपाट पाहिलें हें आम्ही अगोदर विचारतों; बहुधा एकच पाहिलेलें असतें. पाहिलेल्या कपाटाचें नांव सांगणारा विद्यार्थी पुस्तक न मिळाल्याबद्दल दोषी नाहीं. शेऱ्याशेजारींच ‘२० च्या खालीं पाहिलें नाहीं’ एवढे शब्द ठळक छापावयास शाई ती कितीशी लागती?

२०२३ ते २०२५ च्या फेरींत याच कुळांतलीं २९ द्रव्यें आणि लिथियम घेतलें, व पीएफओएची रेषा ४ वर आणली. मर्यादा पाळण्यास २०२९ पर्यंतची मुदत दिलेली होती. मे २०२५ मध्यें ती २०३१ पर्यंत वाढविण्याचा मानस तेथील सरकारनें जाहीर केला. तोंवर काय करावें हें ज्या त्या घरानें ठरवावयाचें आहे. निदान तें ठरविण्यापुरता आंकडा आतां त्याच्या हातीं आहे.