क्रेडिट आणि श्रद्धा

आज गीतेच्या १७व्या अध्यायातला ३रा श्लोक. भगवंत सांगतात, माणूस श्रद्धेचाच घडलेला आहे. ज्याची जशी श्रद्धा, तसा तो.

हा श्लोक वाचताना मला आपला रोजचा शब्द आठवतो, क्रेडिट. कार्डावरचं, स्कोअरमधलं. लॅटिनमध्ये ‘क्रेडो’ म्हणजे मी विश्वास ठेवतो आणि ‘क्रेडिटुम्’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेलं, म्हणून कर्ज. इटालियन, फ्रेंच असा प्रवास करत १६व्या शतकात तो इंग्रजीत आला. गंमत म्हणजे ‘क्रेडो’ आणि ‘श्रद्धा’ या सख्ख्या बहिणी! संस्कृतात शंभराला ‘शतम्’, लॅटिनमध्ये ‘केंटुम्’; तसाच इकडे ‘श्र’, तिकडे ‘क्र’. ‘धा’ म्हणजे ठेवणे. ‘श्रत्’ म्हणजे हृदय, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या वैदिक निघंटूत मात्र तो सत्याच्या नावांमध्ये आहे. कसंही घ्या, श्रद्धेत ‘ठेवणे’ आलंच. मराठीतही विश्वास आपण ठेवतोच की.

आता ठेव कशी असते बघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी वर्षाला प्रत्येकी १२ मिळायचे. हिशेब करून पाहा, २४० बरोब्बर जुळतात. (इंजिनीअर असल्यामुळे मी आधी तेच केलं.) या ठेवीतून देणाऱ्याच्या हाती एक कार्षापणही परत येणार नव्हता.

ऑफिसमधला एक ज्युनियर मागे म्हणाला होता, "दादा, बाबांसाठी आईने आणि मी पारायण केलं. तरी बाबा गेले. माझी श्रद्धा उडाली." त्याला व्याज-मुद्दल ऐकवणं क्रूरपणा झाला असता. मी गप्प बसलो. मग बोलता बोलता कळलं, हा पोरगा अजून रोज सात वाजता लॅपटॉप मिटतो आणि आईला एकटं वाटू नये म्हणून तिच्याबरोबर हरिपाठाला बसतो. स्वतःसाठी काही मागत नाही. मी एवढंच म्हटलं, "मग उडाली कुठे रे? तू ती आईपाशी ठेवली आहेस." त्याला पटलं की नाही, कोण जाणे. पण श्लोक नीट वाचा, त्यात श्रद्धा आहे की नाही हा प्रश्नच नाही. ती असतेच. ती कुठे ठेवली, यावरून माणूस ओळखायचा.

आमच्या कर्जतजवळ कोंडाणे लेणी आहेत, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात. पावसाळ्यात पाण्याच्या धारा थेट लेण्यांपुढे कोसळतात, म्हणून पोरं सेल्फीला जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक भग्न मूर्ती आहे आणि तिच्या खांद्याजवळ ब्राह्मीत एकच ओळ. अर्थ असा, की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. लेणी बौद्ध, साधारण २००० वर्षांपूर्वीची. तेव्हा कण्ह वाचून लगेच आपला कान्हा समजू नका, हा बलकाचा गुरू. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, शिष्य. लाकडी बांधकामाची नक्कल करत एवढा कातळ कोरला गेला आणि ओळीत आधी नाव गुरूचं, मग जवळ राहिल्याचं, त्यानंतर स्वतःचं. आपल्याकडे कोडची कुठली ओळ कोणी लिहिली हे शोधायच्या कमांडचं नावच ‘ब्लेम’ आहे!

कोंडाण्याला गेलात तर धबधब्याचे फोटो झाल्यावर ती ओळ शोधा. मूर्तीचा चेहरा फुटलाय, अक्षरं अजून आहेत.

उद्या श्लोक ४. रामकृष्णहरी.