गरज सरो, घोडा मरो?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'एंड ऑफ लाइफ' हे शब्द रोज कानावर पडतात. एखादी प्रणाली कधी बंद करायची, तिच्यातली माहिती कुठे हलवायची, खर्च कोणी सोसायचा, हे सगळं आधी कागदावर उतरतं. एका निर्जीव प्रणालीसाठी आपण एवढा विचार करतो! मग जो जीव आपल्यासाठी धावला, ज्याच्या पाठीवर बसून आपली मुलं तोल सावरायला शिकली, त्याच्या शेवटाचा विचार कोणी करायचा? गेल्या वर्षी हा प्रश्न थेट आमच्या घरात शिरला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी मुलगी इथे पेनसिल्व्हेनियात घोडेस्वारी शिकते. तिच्या तबेल्यात चोवीस वर्षांचा एक घोडा आहे. नवशिक्या मुलांना पहिल्यांदा पाठीवर घेणारा तोच. संधिवातानं त्याचे पाय थकले आणि तबेल्यात एक पाटी लागली: 'चांगल्या घरी फुकट देणे आहे.' मुलीनं विचारलं, "बाबा, चांगलं घर आहे हे कसं ओळखायचं?" माझी आई तेव्हा सांगलीहून आली होती. ती म्हणाली, "अरे, आपल्याकडे पांजरपोळ असतात, तसं इथे काही नाही का?" दोघींचेही प्रश्न साधे होते, पण उत्तरं काही साधी निघाली नाहीत.

हिशेब असा आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुतेकदा पाच-सहा वर्षांचा होईतो त्याची कारकीर्द संपते. पुढच्या वीस वर्षांचा चारा, नाल, औषधं कोणी करायची? ज्याचं कूळ उत्तम त्याला पैदाशीसाठी ठेवतात, काहींना स्वारीचं नवं शिक्षण मिळतं. उरलेल्यांचे मालक बदलत जातात आणि प्रत्येक विक्रीत किंमत उतरते.

कूळ उत्तम असूनही भागतं असं नाही. फर्डिनंड हा १९८६ चा केंटकी डर्बी विजेता आणि १९८७ चा अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा. १९९४ साली तो पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ साली त्याची रवानगी बहुधा कत्तलखान्यात झाली. ही बातमी २००३ मध्ये फुटली तेव्हा अमेरिका हळहळली. आपल्याकडे 'गरज सरो वैद्य मरो' म्हणतात. इथे तर अख्खा विजेताच मेला, आणि तो कधी मेला हेसुद्धा कोणाला कळलं नाही.

याच सुमारास अमेरिकेत घोड्यांच्या कत्तलीविरुद्ध लोकमत तापलं होतं. २००७ मध्ये देशातले शेवटचे तीन कत्तलखाने बंद झाले, दोन टेक्सासमधले आणि एक इलिनॉयमधला. पण घोडी वाचली का? सरकारच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाचा २०११ चा अहवाल सांगतो की २०१० साली सुमारे १ लाख ३८ हजार घोडी कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेली. संख्या जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली, प्रवास मात्र लांबला. शिवाय टाकून दिलेल्या, उपाशी ठेवलेल्या घोड्यांच्या तक्रारी वाढल्या. पुढे ही संख्या पुष्कळ उतरली, पण ती वाट अजून पुरती बुजलेली नाही.

हे वाचताना मला आपला बैल आठवला. पोळ्याला आपण त्याला पुरणपोळी भरवतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्यामागची भावना खरी असेलही. पण म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि चाऱ्याचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. 'मारू नका' म्हणणं सोपं आहे. त्यापुढचं 'मग सांभाळायचं कोणी?' हे वाक्य आपण इथेही गिळतो आणि तिथेही.

अर्थात हे वाक्य न गिळणारेही आहेत. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. इथे मायकेल ब्लोवेन नावाच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रातली चित्रपट समीक्षकाची नोकरी संपल्यावर २००३ साली केंटकीत 'ओल्ड फ्रेंड्स' हे निवृत्त घोड्यांचं फार्म सुरू केलं. न्यूयॉर्क राज्यात तर १९८० च्या दशकापासून वॉलकिलच्या तुरुंगातले कैदी अशा घोड्यांची देखभाल करत आले. पण या जागा मोजक्या आणि घोडी अगणित.

मग शेवटचा प्रश्न येतो, तो मरणाचा. बार्बारो २००६ ची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. आमच्याच राज्यातल्या न्यू बोल्टन पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी पट्टी आणि वीसहून अधिक स्क्रू बसवून तो पाय जोडला. पण घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो, आणि त्याला माणसासारखं महिनोन्‌महिने पडून राहता येत नाही. एक पाय वाचवताना बाकीच्या पायांवर भार येतो आणि खुरांच्या आतला भाग सुजून सुटू लागतो. बार्बारोचं तेच झालं. आठ महिने सगळे झुंजले आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आलं. मालकांनी पैसा आणि माया दोन्हींत कसर केली नाही. तरी एका टप्प्यावर मायाच 'आता पुरे' म्हणाली.

आपल्यापैकी अनेकांना हे पटायला जड जातं. जीव देणारा वर बसलेला असताना घेणारे आपण कोण? पण १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होतं आणि उपाय उरला नव्हता, तेव्हा खुद्द गांधीजींनी डॉक्टरकरवी त्याला इंजेक्शन देववलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, केवळ न मारणं म्हणजे अहिंसा नव्हे. ज्याचं दुःख दुसऱ्या कशानेच हलकं करता येत नाही, त्याला निःस्वार्थ बुद्धीनं सोडवणं हीसुद्धा अहिंसाच.

माझ्या मते सगळी मेख त्या 'निःस्वार्थ'मध्ये आहे. खर्च टाळायला धडधाकट घोडा मारणं हा स्वार्थच. पण आपल्याला निरोप घेववत नाही म्हणून त्याला वेदनेत उभं ठेवणं, हासुद्धा स्वार्थच नाही का? आणि 'चांगल्या घरी' म्हणत दोर कोणाच्याही हातात देऊन मोकळं होणं, हा तर सगळ्यांत सभ्य दिसणारा स्वार्थ.

कोणी म्हणेल, इथे माणसांच्या इन्शुरन्सची मारामार, घोड्यांचं काय घेऊन बसलात? खरं आहे. पण घोडा आपण होऊन आपल्या दारी आला नव्हता. त्याला आपण जन्माला घातलं, वापरलं. तेव्हा हे ऋण आहे, दानधर्म नव्हे.

तबेल्यातल्या सहा कुटुंबांनी मिळून वर्गणी काढली, पाटी उतरवली आणि त्याच्यासाठी जवळच्या एका कुरणाची सोय केली. पशुवैद्याशी बोलून एक कागदही लिहिला. स्वतःहून उठता येईनासं झालं, चारा सुटला किंवा औषधानंही वेदना थांबेना, तर वाट पाहायची नाही, आणि त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी त्याच्याजवळ हजर राहायचं. कागदावर मुलांनीही सह्या केल्या. तूर्त स्वारी मजेत चरते आहे.

म्हणून मित्रहो, मुलांसाठी घोडा, कुत्रा, काहीही घरी आणणार असाल तर एवढंच करा. त्याचं नाव ठरवता त्याच दिवशी त्याच्या म्हातारपणाचंही बोलून ठेवा. घोडा विकता येतो, देऊन टाकता येतो. त्याची जबाबदारी मात्र तशी देऊन टाकता येत नाही.