कारण कुठे थांबवायचे?

भारतात मृत्यूचे वैद्यकीय कारण ज्या इंग्रजी नमुन्यात नोंदवतात, त्यात कारणांची उतरंड असते. पहिल्या ओळीत तत्काळ कारण, मग छापील ‘ड्यू टू’, त्याखाली कारणाचे कारण आणि तळाशी मूळ कारण. नुसते ‘हृदय बंद पडले’ लिहिणे नियमात बसत नाही. ती मरण्याची तऱ्हा झाली. रेल्वे अपघातात ही उतरंड रक्तस्राव, डोक्याची इजा, धावत्या गाडीतून पडणे इथपर्यंत जाते आणि थांबते. माणूस का पडला, हे विचारणे पोलिसांचे काम.

9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला. आधी कारण सांगितले गेले ते पाठीवरच्या बॅगा घासल्याचे. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीवरून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. दिवा-डोंबिवलीचा प्रवासी मात्र आधी गर्दीचेच नाव घेईल.

न्यायदर्शनाने हा पेच फार आधी हाताळला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कार्याच्या आधी नेमाने असते ते कारण. पण आधी असलेले सगळेच कारण नव्हे. मडक्याला माती लागते, कुंभार लागतो. माती वाहून आणणारे गाढव हजर असले तरी मोजायचे नाही, ते ‘अन्यथासिद्ध’. शिवाय एकटे कारण कार्य घडवत नाही. सगळी सामग्री जुळावी लागते.

या कसोटीवर ‘गर्दी रोजचीच, अपघात काही रोज होत नाही’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. त्यातून एवढेच निघते की गर्दी एकटी पुरेशी नव्हती. गर्दी नसती तर दारात लटकायची वेळच आली नसती. म्हणजे ती कुंभाराचे गाढव नव्हे. दोष रुळाचा ठरला तरी गर्दी सुटत नाही, आणि गर्दीकडे बोट दाखवून रूळ सुटत नाही. सरकारी भाषेतले एकवचनी ‘कारण’ नेमके हेच झाकते. कायद्याला आरोपी हवा असतो, म्हणून तो सामग्रीतला एक घटक उचलतो. ती त्याची सोय आहे, कार्यकारणाचा निर्णय नव्हे.

अपघाताच्याच दिवशी रेल्वेने लोकलना स्वयंचलित दरवाजे बसवण्याचे जाहीर केले. दरवाजे लागल्यावर सामग्रीतला एक घटक कमी होईल. वळण, रूळ आणि गर्दी तरीही शिल्लक राहतील.