सभागृहास कुलूप घालण्याचा अधिकार

घरात वाटणीचा वाद निघाला म्हणजे शहाणा कर्ता पुरुष प्रथम सर्वांस ओसरीवर बोलावतो. तेथे आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात, कोणी डोळ्यांस पदर लावून उठून जाते, आणि निर्णय काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी कर्त्याच्या मनात येते की, या मंडळींस पंधरा-वीस दिवस एकत्र बसूच देऊ नये. तेवढ्यात कागदावर सह्या होण्याचा दिवस उजाडेल, आणि जे व्हावयाचे ते होऊन जाईल. त्यास तसे करण्याचा अधिकार नसतो असे नाही; घर त्याच्याच शब्दावर चालत असते. परंतु अधिकार असला म्हणून तसे करणे योग्य ठरते काय? हाच प्रश्न २०१९ साली ब्रिटनसारख्या राष्ट्रापुढे उभा राहिला होता. त्या वेळचे पक्षाभिमान आता पुष्कळसे निवले आहेत, तेव्हा त्याचा विचार शांतपणे करण्यास हरकत नाही.

प्रथम हकीकत सांगणे अवश्य आहे. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, याविषयी ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेण्यात आले. शेकडा ५१.९ मते बाहेर पडण्याच्या बाजूने व ४८.१ मते विरुद्ध पडली. कौल मिळाला, परंतु बाहेर पडावयाचे ते कोणत्या अटींवर, हे त्या मतपत्रिकेत कोणी विचारलेच नव्हते. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी केलेला करार कॉमन्स सभेने २०१९ च्या जानेवारी ते मार्च या अवधीत तीन वेळा फेटाळला. पहिल्या खेपेस २०२ विरुद्ध ४३२ अशा मतांनी. जुलैत त्यांच्या जागी बोरिस जॉन्सन आले. करार होवो अथवा न होवो, ३१ ऑक्टोबरला बाहेर पडावयाचेच, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. पुढे २८ ऑगस्ट रोजी बालमोरल येथे प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकीत राणी एलिझाबेथ यांनी पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून पार्लमेंट संस्थगित करण्याचा हुकूम दिला. सप्टेंबरच्या ९ व १२ या तारखांच्या दरम्यान सभागृहे बंद व्हावयाची होती आणि १४ ऑक्टोबरला पुन्हा उघडावयाची होती. ज्या आठ आठवड्यांत राष्ट्राच्या भवितव्याचा निकाल लागावयाचा, त्यांतील पाच आठवडे राष्ट्राची सभा मुकी राहणार होती.

येथे तीन गोष्टींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. सभागृह सुट्टी घेते तेव्हा ती सुट्टी सभासद आपल्या मताने ठरवितात, आणि तेवढ्या काळात समित्यांचे काम चालू राहू शकते. सभागृह विसर्जित होते तेव्हा सरकारास लोकांपुढे जाऊन निवडणुकीस तोंड द्यावे लागते. सभागृह संस्थगित होते तेव्हा मात्र सभासदांची संमती कोणी घेत नाही, समित्या बसत नाहीत, मंत्र्यांस प्रश्न विचारता येत नाहीत आणि अर्धवट राहिलेली विधेयके बहुधा रद्द होतात. लोकांकडेही कोणी जात नाही. सुट्टीत सत्ता सभागृहास विचारते, विसर्जनात ती लोकांस विचारते, संस्थगनात ती कोणासच विचारीत नाही. या अधिकाराचे नैतिक स्वरूप पाहावयाचे तर हा भेद प्रथम ओळखला पाहिजे.

हुकूम जाहीर होताच देशभर गदारोळ उडाला. विरोधकांनी यास राज्य उलथविण्याचा डाव म्हटले. रस्तोरस्ती मोर्चे निघाले. निषेधाच्या अर्जावर थोड्याच दिवसांत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. उलट पक्षाचे म्हणणे असे की, राज्य तर पार्लमेंटनेच उलथविले आहे. लोकांनी दिलेला कौल ते तीन वर्षे अडवून बसले आहे. ३ सप्टेंबर रोजी कॉमन्स सभेने ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी कामकाजाची सूत्रे सरकारच्या हातून आपल्या हाती घेतली. सरकारविरुद्ध मत देणारे २१ सभासद पंतप्रधानांनी आपल्या संसदीय पक्षातून दूर केले. त्यांत विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स हेही होते. १० सप्टेंबरच्या उत्तररात्री सभा बंद करण्याचा विधी चालू असता काही सभासदांनी सभापती जॉन बर्को यांस आसनावरून उठू न देण्याचा प्रयत्न केला. इतिहास जाणणारांस त्या वेळी १६२९ सालची आठवण झाली असेल. तेव्हाही राजा पहिला चार्ल्स याच्या आज्ञेवरून सभा उठू नये म्हणून सभासदांनी सभापतीस खुर्चीत दाबून धरले होते. त्यानंतर अकरा वर्षे त्या राजाने पार्लमेंट बोलाविलेच नाही, आणि त्याचा शेवट कसा झाला हे सर्वविश्रुत आहे.

आता सरकारपक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकून घेतले पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा असा की, चालू अधिवेशन सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतरचे सर्वांत लांबलेले अधिवेशन होते. नव्या सरकारास नवा कार्यक्रम मांडावयाचा तर जुने अधिवेशन संपविणे हा रिवाजच होय. हे खरे आहे. दुसरा मुद्दा असा की, सप्टेंबरात राजकीय पक्षांच्या वार्षिक परिषदांसाठी सभा तशीही काही आठवडे उठतच असते. तेव्हा प्रत्यक्षात बुडणारे दिवस थोडे होते. यातही तथ्य आहे. परंतु नव्या कार्यक्रमाच्या तयारीस सामान्यतः चार ते सहा दिवस पुरतात. पाच आठवडे कशासाठी? आणि परिषदांची सुट्टी घ्यावयाची तर ती सभासदांच्या मताने घ्यावी लागते. त्या वर्षी त्यांनी ती दिली असती किंवा नाही, याची शंकाच होती. जे मागून मिळण्याची खात्री नाही ते न मागता घेणे, यास रिवाज म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. लोक हेच जर सार्वभौम, तर लोकांनी स्वतः दिलेला निर्णय त्यांच्या प्रतिनिधींनी अडविल्यास प्रतिनिधींस बाजूस सारणे हीच लोकनिष्ठा नव्हे काय? आम्हांस हा प्रश्न पोकळ वाटत नाही. धन्याने एक सांगावे व कारभाऱ्याने भलतेच करावे, हे कोणास रुचेल? पण येथे धन्याने काय सांगितले होते? ‘घर सोडा’ एवढेच. कोठे जावयाचे, काय बरोबर न्यावयाचे, मागे राहणारांची व्यवस्था काय, हे सांगितले नव्हते. ते ठरविण्यासाठी ज्या सभेत सर्व प्रांतांची, सर्व मतांची माणसे एकत्र बसतात, ती सभा बंद केल्यावर उरलेला निर्णय लोकांच्या हाती जात नाही. तो एका मंत्रिमंडळाच्या हाती जातो. शिवाय ‘लोक’ या शब्दात त्या शेकडा ४८ जणांचा समावेश होतो की नाही? मतदानात हरलेला मनुष्य लोकांतून वजा होत नाही. त्यास बोलण्याची जागा उरते, म्हणूनच तो पराभव सहन करतो. ती जागा काढून घेतली की त्याच्या आज्ञाधारकपणाचा पायाच ढासळतो.

प्रकरण न्यायालयांत गेले, आणि तेथेही मतभेद झाला. लंडनच्या उच्च न्यायालयाने ठरविले की, हा राजकारणाचा प्रश्न आहे, न्यायालयाने त्यात पडू नये. एडिनबरोच्या न्यायालयाने म्हटले की, पार्लमेंटच्या देखरेखीस अडथळा आणणे हाच या कृत्याचा हेतू होता, सबब ते बेकायदा आहे. अखेर २४ सप्टेंबर रोजी लेडी हेल यांच्या अध्यक्षतेखाली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, संस्थगनाचा सल्लाच बेकायदा होता. सबब हुकूम म्हणजे कोरा कागद, आणि पार्लमेंट कायद्याच्या दृष्टीने कधी बंद झालेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. त्या न्यायाधीशांनी हेतूचा निवाडा केला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी कृत्याचा परिणाम पाहिला आणि त्यास पुरेसे कारण दाखविले आहे काय, एवढेच विचारले. कायद्याने येथे थांबावे हे योग्यच. मनुष्याच्या अंतःकरणात शिरण्याचे साधन त्याजपाशी नाही. परंतु नीतिविचार येथे थांबू शकत नाही. ज्या कामासाठी अधिकार दिला त्याहून निराळ्या कामासाठी तो वापरणे, आणि वर भलतेच कारण सांगणे, यात जो दोष आहे तो न्यायालयाने उच्चारला नाही म्हणून नाहीसा होत नाही.

कोणी म्हणेल की, विरोधकांचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? १९४८ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने लॉर्ड्स सभेचा अडथळा लवकर दूर व्हावा म्हणून एक अल्पजीवी अधिवेशन भरवून संपविलेच होते. २०१९ मध्ये संस्थगनाविरुद्ध न्यायालयात उभे राहिलेले माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनीही १९९७ साली निवडणुकीपूर्वी काही आठवडे पार्लमेंट बंद केले होते. त्यांच्या पक्षाच्या सभासदांवरील आरोपांचा अहवाल त्यामुळे सभेपुढे येण्याचा राहिला, अशी टीका तेव्हा झाली. हा आक्षेप आम्ही टाळीत नाही. पण त्यावरून निघते काय? इतकेच की, ही मोहिनी कोणत्याही पक्षास पडते. म्हणून कसोटी अशी असावी: हेच कृत्य उद्या आपल्या प्रतिपक्षाने, आपल्याला अप्रिय अशा हेतूने केले, तर आपण ते मुकाट्याने मान्य करू काय? ज्यास ‘होय’ म्हणता येईल त्याने खुशाल समर्थन करावे. ज्याचे उत्तर पक्ष पाहून बदलते, त्याच्यापाशी मत नसते, केवळ बाजू असते.

हा विचार आम्हांसही परका नाही. आपल्या राज्यघटनेच्या ८५ व्या व १७४ व्या अनुच्छेदांत अनुक्रमे राष्ट्रपती व राज्यपाल यांस सभागृहाचे सत्र समाप्त करण्याचा अधिकार आहे. मात्र दोन सत्रांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, असे बंधनही तेथेच घातले आहे. तथापि बंधनाने सर्व साधते असे नाही. १९७५ साली आणीबाणीत संसद बंद नव्हती, ती भरली. पण प्रश्नोत्तरांचा तास स्थगित होता आणि मधू दंडवते यांच्यासारखे विरोधी सभासद तुरुंगात होते. दार उघडे असून आत बोलणाराच नसेल, तर ते दार उघडे कसे म्हणावे? उलट गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे करीत, तेव्हा बिनसरकारी सभासदांस त्यावर मत देण्याचाही अधिकार नव्हता. पराभव ठरलेला होता. तरी त्यांच्या भाषणांनी सरकारास हिशेब द्यावा लागे आणि देश ते ऐके. नुसत्या बोलण्याच्या जागेचे मोल काय असते, हे महाराष्ट्राने तेथे पाहिले आहे.

खरा धोका, आम्हांस वाटते, सत्ताधाऱ्यांच्या धूर्ततेत आहे त्याहून अधिक आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या कंटाळ्यात आहे. सभागृहातील आरडाओरडा पाहून ‘ही बडबड एकदाची बंद करा’ असे उद्गार आपल्या घरांत, चहाच्या वेळी, किती सहज निघतात! ते आमच्याही तोंडून निघाले आहेत, हे कबूल केले पाहिजे. बडबड निरर्थक असते, कित्येकदा लाजिरवाणीही असते. म्हणून ती सुधारण्याचा उपाय शोधावा. परंतु हा कंटाळा हेरूनच कुलूप घालणारा पुढे येतो, आणि आपण त्यास किल्ली काढून देतो.

असो. पुढे ब्रिटनमध्ये काय झाले? मुदत वाढवून घ्यावी लागली. १२ डिसेंबर २०१९ रोजी निवडणूक झाली. जॉन्सन यांच्या पक्षास ३६५ जागा मिळाल्या. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते राष्ट्र युरोपीय संघातून बाहेर पडले. ‘मग एवढा खटाटोप व्यर्थच!’ असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो व्यर्थ नव्हता. बाहेर पडणे इष्ट होते की अनिष्ट, हा प्रश्न निराळा. पण लोकांपुढे जाऊन बहुमत मिळविणे आणि सभा बंद ठेवून मुदत संपविणे, हे दोन मार्ग एकाच गावी पोहोचले तरी एक ठरत नाहीत. ओसरीवर भांडून, रडून, अखेर सर्वांसमक्ष झालेली वाटणी कोणास आवडो वा न आवडो, भाऊ सणावारी एकमेकांकडे जाऊ शकतात. दार लावून उरकलेल्या वाटणीचा कागद पक्का असतो. पण त्या घरातील माणसे पुन्हा एका पंगतीस बसतील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.