बाण कोणाचा?

पेडण्याकडील एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला होता. त्याला आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटते, म्हणून तो येथे मांडीत आहो.

पेडणे, डिचोली ह्या भागांत रानडुकरांचा उपद्रव किती, हे तेथल्या शेतकऱ्यासच ठाऊक. पिकाच्या राखणीसाठी पुष्कळांपाशी परवान्याची बंदूक असते. पण निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. डुकरे काही निवडणुकीसाठी थांबत नाहीत! ह्या तरुणाच्या मित्राने अशा दिवसांत धनुष्यबाण जवळ केला. एके संध्याकाळी वायंगणाच्या कडेला झुडूप हलले, डुक्कर समजून त्याने बाण सोडला, आणि ओरडले ते भेकर. मित्र धावत ह्याच्या दारी आला: "अरे, बॅटरी घे आणि चल."

दशरथ राजालाही अंधारात हत्ती पाणी पितो आहे असे वाटले होते. पण बाण कोणास लागला हे पाहावयास तो स्वतः नदीवर गेला, हे आपण विसरतो.

हा तरुण गेला. जावे की नाही, हा प्रश्न त्यास तेव्हा पडलाच नाही, आणि ते बरे झाले असे आम्ही म्हणतो. बाणाने जनावर बहुधा जागच्या जागी पडत नाही. रक्त वाहून मरते, आणि तोवर पुष्कळ दूर जाते. म्हणून अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे लोक बाण लागल्यावर काही वेळ थांबतात, मग सोबत्यांना बोलावून थेंबाथेंबाने माग काढतात. फेसाळ, तांबडेलाल रक्त फुप्फुसाचे. काळसर असेल तर काळजाचे, आणि मग तासन् तास थांबावे लागते. आपल्याकडच्या ह्या दोघांना हे कोठून ठाऊक असणार? ते लगेच मागे धावले. काजूच्या पाल्यावर डाग दिसत होते ते व्हाळापाशी संपले. मित्र म्हणाला, "जाऊ दे, मरेल कुठेतरी."

तरुणास रात्रभर झोप आली नाही. पहाटे तो एकटाच गेला. कोंडीच्या काठी भेकर पडले होते, पण जिवंत होते. त्याने वनखात्यास कळविले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणे हीदेखील शिकारच आहे. आणि जे जनावर वाचणार नाही त्याचा शेवट करण्याचाही अधिकार आपला नव्हे, त्यास वरिष्ठ वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. वनखात्याची माणसे आली. त्यांनी विचारले, "बाण कोणाचा?"

तो म्हणाला, "ठाऊक नाही."

त्याने आम्हांस विचारले, हे खोटे बोलणे पाप की मित्रधर्म? आम्ही म्हणालो, पाप. हे उत्तर सोपे होते, आणि येथेच आम्ही चुकलो. लेवीयाच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यास आज्ञा आहे की, मारलेल्या जनावराचे रक्त त्याने ओतून मातीने झाकावे. ते काम ज्याने मारले त्याचे. दुसऱ्याने झाकून त्याची सुटका होत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे अपराधी बंधूकडे आधी एकट्याने जावयाचे असते. पहाटे व्हाळाकडे जाताना वाटेवर मित्राचे घर होते. तेथे थांबून, "ऊठ, माग तुझा आहे, आणि साहेबांना सांगायचे ते तूच सांग," असे म्हणावयास हवे होते. तो न येता, तर मग खरे नाव सांगणे ही चुगली ठरली नसती. हे आम्ही त्यास सांगितले नाही. पापाचे नाव सांगून मोकळे झालो.

ते भेकर वाचले नाही. निवडणूक झाली, बंदूक परत मिळाली. धनुष्य मित्राच्या पडवीत अजून टांगलेले आहे, असे तरुण सांगतो. तो आता त्या घरी जात नाही, रस्त्यावरूनच पाहतो.