न लागलेला दिवा

जुन्या मोटारीचे एक बरे होते. तिला काही झाले की ती सगळ्या आळीला सांगायची. कार्बोरेटरमध्ये कचरा गेला तर खोकायची, रेडिएटर तापला तर वाफा सोडायची, सायलेन्सर फुटला तर वर्दी थेट वेशीपर्यंत जायची. आता आमच्या दारात विजेवर चालणारी गाडी आली आहे आणि ती जुन्या काळच्या सोशिक सुनेसारखी वागते. आवाज नाही, धूर नाही, तक्रार नाही. काय दुखते-खुपते ते सारे पोटात.

तिच्या पोटातले मला कळले ते भाच्यामुळे. सुटीत तो भिंगारला आला तो काडेपेटीएवढा एक ठोकळा घेऊनच. स्टिअरिंगखालच्या खोबणीत त्याने तो खुपसला, मोबाइल उघडला आणि कुंडली पाहणाऱ्या गुरुजींच्या चेहऱ्याने म्हणाला, "मामा, आठ कोड आहेत."

"कसले?"

"दोषांचे."

समोरच्या पडद्यावर एकही दिवा नव्हता. गाडी आदल्याच दिवशी कापडबाजारात सुखरूप जाऊन आली होती. भिंगारात राहतो म्हणून माणसाने प्रत्येक गोष्टीला भिंग लावलेच पाहिजे का? पण आता लावले होते खरे.

भाच्याने मला मुळाक्षरे शिकवली. 'पी' म्हणजे गाडी ओढणारी यंत्रणा. 'बी' म्हणजे गाडीचा सांगाडा नि आतल्या सोयी. 'सी' म्हणजे चाके, ब्रेक, स्टिअरिंग. आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या संगणकांची आपसातली बोलणी. माझ्या आठांतले सात 'यू'चे होते. मोठ्या बॅटरीचा तोरा कितीही असो, हे संगणक चालतात ते त्याच जुन्या, बारा व्होल्टच्या लहान बॅटरीवर. ती मंदावली की एकेकाचा आवाज बसतो आणि बाकीचे लगेच टिपून ठेवतात, 'अमका माझ्याशी बोलला नाही!' बॅटरी भरली की बोलणी पूर्ववत होतात. नोंद मात्र राहते. हे मला लगेच समजले. आमच्या एकत्र कुटुंबात आजीच्या काळातले 'यू' कोड अजून जपून ठेवलेले आहेत.

आठवा कोड मात्र 'सी'चा होता. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मधूनच गप्प बसत होता. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये, याची काळजी घेणारी यंत्रणा त्याच्याच भरवशावर चालते.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. "दिवा लागलाय का?" "नाही." "मग चालवा बिनधास्त!"

आता बघा, दिवा न लावणे म्हणजे खोटे बोलणे का? तसेही म्हणता येत नाही. प्रत्येक बारीकसारीक नोंदीला दिवा लागला, तर गाडीत बारमाही दिवाळी होईल आणि खरा दिवा लागेल तेव्हा कोणी त्याच्याकडे बघणार नाही. पण काय सांगायचे नि काय पोटात ठेवायचे, हे आपल्या वतीने कोणी तिसऱ्यानेच ठरवलेले असते, एवढे मनात टोचतेच. आमच्या शेजारीच आलमगीर आहे. दख्खनमध्ये पंचवीस वर्षे लढून औरंगजेब १७०७ साली इथेच वारला. त्याच्या साम्राज्यात कोड काय कमी साठले असतील? पण बादशहासमोर दिवा लावायचा कोणी?

शेजारी रिसालदारसाहेब राहतात. सारी नोकरी रणगाड्यांत गेली. ते म्हणाले, "आमच्याकडं गाडी हलायच्या आधी रोज फर्स्ट परेड असायची. कोड किती हे मोजू नका. तीन गोष्टी विचारा. जुना आहे की आत्ताचा? पुसल्यावर परत येतो का? आणि खरा निघाला तर मरणार कोण?"

भाच्याच्या मोबाइलवर 'पुसा' असे बटण होतेच. काय मोह असतो हो या बटणाचा! चित्रगुप्ताच्या वहीला खोडरबर जोडून दिल्यासारखा. आम्ही आधी आठही कोड दुधाच्या हिशेबाच्या कागदावर उतरवले, मग पुसले. दोन दिवस गाडी फिरवली. सात गेले ते गेले. आठवा परत आला.

शुक्रवारी हिला आणि माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन मोहटादेवीला जायचे होते. वाटेत करंजी घाट. विजेची गाडी उतारावर बरीचशी मोटरच्या जोरावरच रोखली जाते, ब्रेकवर फारसा भार येत नाही. तेव्हा बहुधा काहीच झाले नसते. पण आठवड्यापूर्वी काही झाले असते तर तो अपघात होता. आता झाले तर ते माझे कृत्य. घाट तोच, चाक तेच. फक्त मला कळले होते. अज्ञानात सुख असते म्हणतात. असेल. पण ते एकदा गेले की परत मिळत नाही, आणि ते अजून आहे असे सोंग करून बहिणीला मागच्या सीटवर बसवणे, याला सुख म्हणत नाहीत. सात कोडांना घाबरून घरी बसणे हा भित्रेपणा. आठव्याला सातांत ढकलणे ही लबाडी. दोन्हीला दिसायला एकच गाडी लागते.

शेवटी हिला सगळे सांगितले. वाटले, वैतागेल. ती शांतपणे म्हणाली, "दाखवून आणा गाडी. देवी कुठं जात नाही. आणि येताना दवाखान्यातही जाऊन या."

"दवाखान्यात कशाला?"

"महिना झाला, जिना चढताना सातव्या पायरीवर थांबून तुम्ही खाली वाकता. मी विचारलं की म्हणता, चप्पल नीट करतोय. रोज? आणि वर आलात की पित्त झालं म्हणून गोळी घेता."

म्हणजे खोबण नाही, ठोकळा नाही, मोबाइल नाही, आणि माझे सगळे कोड हिच्याकडे तारीखवार जमा होते. मी आपला महिनाभर 'पित्त' नावाचे बटण दाबून ते पुसत बसलो होतो.

गाडीचे काम अर्ध्या तासात झाले. सेन्सरच्या जोडणीत चिखल गेला होता. दवाखान्यात मात्र वेळ लागला. डॉक्टर छातीच्या आलेखाचा कागद उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आणखी एक तपासणी करू या."

कोड 'पी'चा दिसत होता, ओढणाऱ्या यंत्रणेतला. मी "करू या" म्हणालो. बाहेर बाकावर ही बसली होती. या खेपेला पुसण्यासारखे हाताशी काही नव्हते.